मल्लिनाथअप्पांची दुरुस्ती

आमच्या जळकोटात वारलेली बहुतेक सगळी पुरुषमंडळी एकच निळा कोट घालतात.

कुणाच्याही घरी जा. बैठकीत टीव्हीच्या वर हार घातलेली तसबीर असते. आत आजोबा. आयुष्यभर बंडी आणि धोतरावर वावरलेला, मुलाच्या लग्नातसुद्धा सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी टाकून फिरलेला हा माणूस तसबिरीत मात्र निळा कोट आणि लाल टाय लावून ताठ बसलेला असतो. शेजारच्या घरातल्या आजोबांचाही तोच कोट, तोच टाय. सगळ्या आज्यांच्या गळ्यात एकच बोरमाळ. नव्यानं नांदायला आलेल्या एका सुनेनं मला विचारलं होतं, "भाऊजी, पूर्वी गावातले सगळे एकाच बँकेत होते का हो?"

हा कोट मल्लिनाथअप्पांचा. म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरमधला. हायवेला लागून त्यांचा फोटो स्टुडिओ आहे आणि त्याला चिकटून माझं झेरॉक्सचं दुकान. मधली भिंत इतकी पातळ आहे की अप्पांचा सगळा धंदा मला ऐकूनच पाठ झालाय. "बंगारा, हिकडं बघ." बंगारा म्हणजे कानडीत सोनं. अप्पांच्या घरात निम्मं बोलणं कानडी, त्यामुळं रडणारं पोर असो, घामाघूम नवरदेव असो की फोटोला आलेली बोळकी म्हातारी असो, अप्पांना सगळे बंगाराच. त्यानंतर लगेच गर्जना: "डोळे उघडा!" मिटलेला डोळा हा अप्पांचा जन्माचा वैरी. आणि गिऱ्हाईक गेलं की खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज, आणि अप्पा स्वतःशीच म्हणतात, "देवानं घाईत केलंय, आपण निवांत करू."

याला ते दुरुस्ती म्हणतात. चामखीळ काढणं, दात सरळ करणं, रंग उजळणं ही किरकोळ दुरुस्ती. मोठी दुरुस्ती म्हणजे केस. एका लग्नाळू मुलाला त्यांनी इतके केस दिले की पाहुणे बघायला आले, चहा झाला, पोहे झाले, आणि मुलीच्या वडिलांनी समोर बसलेल्या त्या मुलालाच विचारलं, "नवरदेव कधी यायचेत?" ते लग्न अर्थात मोडलं. मी अप्पांना म्हटलं, "अप्पा, निदान माणूस ओळखू तरी यायला पाहिजे की नाही?"

"वळखायला मानूस हाय की घरात," अप्पा म्हणाले. "फोटो बघायला आसतोय."

पुढं घरोघरी मोबाइल आले आणि अप्पांच्या स्टुडिओत माश्या शिरायला लागल्या. मग त्यांनी रविवारी स्कूटर काढून जिल्हाभर हिंडायचं आणि फोटो काढायचे असा नाद लावून घेतला. माझं दुकान रविवारी बंद असतं आणि मला नाही म्हणता येत नाही, या दोन कारणांनी मी मागं बसून स्टँड धरायचो. अशातच त्यांना कुठून तरी कळलं की धाराशिवला जिल्ह्यातल्या सणांच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार आहे.

"तुळजापूरचे फोटो समदेच आणणार," अप्पा म्हणाले. "आपुन बुद्धपौर्णिमा न्यायची. सास्तूरला."

सास्तूरच का, तर तिथं अप्पांची थोरली बहीण असते, शांताक्का. म्हणजे फोटो झाल्यावर जेवणाची सोय होते.

वैशाखातलं ऊन होतं. लोहाऱ्यावरून सास्तूरला पोचेपर्यंत माझा पापड झाला होता. विहाराच्या बाहेर पंचशील झेंडे लावलेले, आत पंखे फिरत होते, आणि बायका रांगेनं बसलेल्या. सगळ्या पांढऱ्या साड्यांत. अप्पा उंबऱ्याशीच थबकले आणि माझ्या कानाशी लागले, "दत्तू, कुणी वारलंय का काय? चुकीच्या दिवशी आलाव आपुन."

"अप्पा, वंदनेला पांढरंच नेसतात," मी म्हटलं. मला एवढंच माहीत होतं.

विहाराचं सगळं बघणाऱ्या सुमनबाई पुढं आल्या. साठीच्या असतील, आवाज मुख्याध्यापिकेचा. "जय भीम. या. चपला तिकडं काढा." अप्पांनी चपला काढल्या आणि पिशवीतून नारळ काढला. मग हळदीकुंकवाची पुडी. मग उदबत्ती. देवाच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नाही, ही त्यांची शिस्त.

"दादा, हे हितं लागत न्हाय," सुमनबाई म्हणाल्या. "आमी फुलं वाहताव, मेणबत्ती लावताव. बास."

अप्पा कानापर्यंत लाल झाले. "मग चटणीला घ्या," म्हणाले आणि नारळ त्यांच्या हातात कोंबला. सुमनबाईंनी तो घेतला, पण बघितलं माझ्याकडं. तुम्ही शिकलेले दिसता, तुम्ही तरी सांगायचं होतं, असं ते बघणं होतं. मी चपला नीट जुळवून ठेवल्यासारखं केलं.

"कुठनं आलाव?"

"जळकोटहून."

"आं? एवढ्या लांब? जळकोटात न्हाय का विहार?"

आहे. मी रोज त्याच्या समोरून दुकानाला जातो. आतली मूर्ती कशी आहे, बसलेली की उभी, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. अप्पांनी तर गावातली प्रत्येक मुंज, बारसं आणि मयत टिपलेली. "हाय की," अप्पा पुटपुटले आणि स्टँडचा स्क्रू आवळायला लागले. तो आधीच घट्ट होता.  

वंदना सुरू झाली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. भंते तरुण होते, जेमतेम तिशीचे. ते म्हणाले, आता थोडा वेळ ध्यान करू. सगळ्यांनी डोळे मिटले. पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. इतकी माणसं एका खोलीत इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती, आणि मलाही नकळत जरा बरं वाटायला लागलं होतं.

"डोळे उघडा!"

गर्जना थेट छपराला लागली. "ओ मावशी! समद्यांनीच झाकलाव की! बंगारा, वर बघा!" आणि पाठोपाठ फ्लॅश.

निम्म्या लोकांनी दचकून डोळे उघडले. एक तान्हं पोर किंचाळलं. मी पंख्याकडं बघत राहिलो. त्याची पाती मोजता आली तर मोजावीत असं झालं होतं. मी या माणसाच्या ओळखीचा नाही, स्कूटरवर सहज जागा मिळाली म्हणून आलो, असं सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. भंतेंनी मात्र मिटल्या डोळ्यांनीच सांगितलं, "थोडं थांबा दादा. उघडतील."

एवढं होऊनही त्या लोकांनी आम्हाला बसवून खीर वाढली. सुमनबाई म्हणाल्या, "आता काढलाव फोटो, तर एक आमच्या भिंतीला द्या. आमच्या समद्यांचा मिळून एकबी न्हाय." अप्पांनी छातीवर हात ठेवला. "एकदम बंगारा करून देतो, माय." तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी दुसरी वाटी खीर खात होतो.

पुढचे काही दिवस भिंतीपलीकडून माउसची टिकटिक येत राहिली. अप्पा जेवायलाही उशिरा जायचे. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली आणि पडदा वर करावा तसं कॉम्प्युटरवरचं चित्र दाखवलं.

ध्यानाचाच फोटो होता. पण पांढरं काही उरलं नव्हतं. एक रांग गुलाबी, एक पोपटी, मागची हळदी. प्रत्येकीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा, गळ्यात बोरमाळ, तीच ती. आणि मिटलेले डोळे उघडलेले. कुठल्याशा नवरीच्या अल्बममधून अप्पांनी डोळ्यांची एक जोडी काढली होती आणि सगळ्यांना वाटली होती. काजळ घातलेले, किंचित लाजलेले, तीच तीच नजर असलेले ते डोळे साठीच्या बायकांनाही होते. बुद्धाची मूर्ती तेवढी जशीच्या तशी होती. "तिथं आपली हिंमत न्हाय," अप्पा म्हणाले.

"कसं झालंय?"

"छान दिसतंय," मी म्हटलं. बाहेर गिऱ्हाईक थांबलं होतं, आणि अप्पांच्या चेहऱ्याकडं बघून दुसरं काही म्हणवलं नाही.

सोनेरी फ्रेम करून, कागदात गुंडाळून आम्ही तो फोटो सास्तूरला नेला. विहारात बायका जमल्या होत्या. येताना कुणीकुणी केस विंचरून, साडी बदलून आल्या होत्या, जणू फोटो आजच काढायचा आहे. सुमनबाईंनी कागद फाडला.

"अगं बाई, म्या गुलाबी!" एक तरणी सून हसली. पण तिचं हसू एकटंच पडलं. बाकीच्या फ्रेमजवळ वाकून स्वतःला शोधायला लागल्या. सापडत नव्हत्या. सगळीकडून ती नवरी बघत होती.

"हे कुणी सांगितलं करायला?" सुमनबाईंनी विचारलं.

"कुणी न्हाय. म्याच." अप्पा म्हणाले. "सवाष्णी बाया पांढऱ्यात बसलेल्या. मला बघवंना. म्हनून जरा चांगलं केलं."

"चांगलं?" सुमनबाई आवाज न चढवता बोलत होत्या. "दादा, हे पांढरं आमाला कुणी नेसवलं न्हाय. आमी आमच्या मनानं नेसताव. पोरी, सुना, म्हाताऱ्या, समद्या सारख्या बसताव. कुकू कुणी लावतंय, कुणी न्हाय लावत, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. तुमी कसं लावलाव? इचारलाव का एकीला तरी?"

मागून एक वाळलेली, ठेंगणी बाई पुढं आली. प्रयागबाई. तिनं पोपटी साडीतल्या एकीवर बोट ठेवलं. बसल्या जागेवरून तिनं स्वतःला ओळखलं असावं. "ही म्या हाय," ती म्हणाली. "माजा मालक भूकंपात गेला. हे कुकू कुणाच्या नावानं लावलाव, दादा?"

ती चिडून बोलली असती तर सोसलं असतं. तिनं खरंच विचारलं होतं. तिला खरंच उत्तर पाहिजे होतं.

मला लाज वाटली. अप्पांची नाही, अप्पांची लाज वाटून घ्यायचा हक्क मी 'छान दिसतंय' म्हणालो तेव्हाच घालवला होता. त्या बाईच्या बोटाकडं बघवत नव्हतं आणि दुसरीकडं कुठं बघावं ते कळत नव्हतं.

"मला कळलंच न्हाय, मावशी," अप्पा कसंबसं म्हणाले. "समद्या एका रांगेत, एकसारख्या. कोण कशी, म्या कसं वळखायचं?"

"न्हाय ना वळखू आलं?" सुमनबाई म्हणाल्या. "कुणालाच येत न्हाय. आमाला ते लई बरं वाटतंय."

 

"मग मूळचा द्या," कुणीतरी म्हणालं. "आमचा आमाला."

मूळचा फोटो अप्पांनी पुसून टाकला होता. वाईट फोटो जपायचा कशाला, ही त्यांची पद्धत. ते त्यांनी मान खाली घालून सांगितलं. मग म्हणाले, "परत काढू द्याल का? काय बी करणार न्हाय. हाय तसा देतो."

"समद्यांना इचारून सांगते," सुमनबाई म्हणाल्या, आणि फ्रेम भिंतीकडं तोंड करून ठेवली.

नेहमीप्रमाणं तिथून शांताक्कांकडं जेवायला जायचं होतं. पण अप्पांनी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली स्कूटर थांबवली आणि उतरलेच नाहीत. हँडल धरून बसले.

"दत्तू," ते म्हणाले, "ह्याच गावात माजी बहीण हाय. पांढरंच नेसती. तिला मात्र लांबूनच समदे वळखतात."

शांताक्कांचा नवरा आणि घर भूकंपात एकदमच गेलं, हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"माज्या पोरीच्या लग्नात घरच्यांना फोटोला हुबं करत होतो. अक्का हौसंनं नवरीच्या मागं येऊन हुबी राह्यली. आन् म्याच म्हणलो, अक्का, तू जरा कडंला सर. पाहुणे काय म्हणतील, म्हनून. सरली. हसली बी वर. तवापासनं कॅमेरा दिसला की आपुआप कडंला सरती. सांगावं लागत न्हाय." त्यांनी बाहीनं नाक पुसलं. "मेलेल्या मानसांना कोट घालतो म्या. हिचा एक फोटो न्हाय माज्याकडं."

साठीचा माणूस भर दुपारी रस्त्यावर हुंदके देत होता आणि मी मागं बसून स्टँड धरला होता. त्यांच्या पाठीवर हात ठेवायला मला लाज वाटली. शेवटी ठेवला.

सुमनबाईंचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओतच होतो. आषाढी पौर्णिमेला या, म्हणाल्या. आधी वंदना, मग फोटो. ध्यान चालू असताना कॅमेरा झाकलेला पाहिजे. फ्लॅश नको. अप्पा प्रत्येक अटीला "व्हय माय, व्हय माय" करत होते. मग घुटमळले. "माजी बहीण हाय गावातच. तिला संगं आणली तर चालंल का? वंदनेला?"

"आमाला काय, कुणीबी यावं," पलीकडून आवाज आला. "पन तिला इचारलाव का?"

अप्पांनी फोन ठेवला आणि तसेच स्कूटर घेऊन निघाले. हे लिहायला नको, पण मी लिहितो: बहिणीला एखादी गोष्ट विचारायला अप्पा गेले असतील, ही पहिलीच वेळ.

अक्का काय म्हणाल्या, मला कळलं नाही. पण पौर्णिमेला आम्ही पोचलो तेव्हा त्या विहाराच्या पायरीशी उभ्या होत्या. बारीक काठाचं पांढरं लुगडं, त्यांचं रोजचंच. आत शिरायला बिचकत होत्या. प्रयागबाईंनी सरकून जागा केली. अक्का बसल्या, आणि मी एका क्षणापुरती नजर काढून परत बघितलं तर मला त्या चटकन सापडल्या नाहीत.

अप्पा सगळ्यांत मागं मांडी घालून बसले होते, कॅमेरा मांडीवर, त्याच्यावर टोपी. ध्यानात त्यांनीही डोळे मिटले. प्रदर्शनाचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही.

वंदना संपली. सुमनबाईंनी एकदा सगळ्यांकडं बघून घेतलं. कुणी मान हलवली, कुणी पदर सारखा केला. मग त्या अप्पांना म्हणाल्या, "काढा."

अप्पांनी पुढं येऊन कॅमेरा डोळ्याला लावला. आणि अक्का उठल्या. कुणी काही सांगितलं नव्हतं. पदर आवरून, वाकून, कुणाला पाय लागू न देता त्या रांगेतून भिंतीकडं निघाल्या. अप्पांचा कॅमेरा खाली आला. 

प्रयागबाईंनी मान न वळवताच अक्कांचा हात धरला. "कुठं चाललाव? बसा की."

"मी कडंला..."

"कडंला कशाला? जागा हाय हितं."

आणि त्यांना खाली ओढून बसवलं. अप्पांनी फोटो काढला. बंगारा नाही, डोळे उघडा नाही.

बाहेर आलो. अक्का पायरीवर बसून चपला घालत होत्या. अप्पा जवळ उभे होते, उगाच कॅमेऱ्याची काच पुसत. अक्कांनी वर न बघता विचारलं,

"मल्लू, आले का रं मी फोटोत?"

"आलीस."

"कडंला?"

"न्हाय, अक्का. मधी."

अक्का उठल्या. डाव्या पायाची चप्पल उजव्यात गेली होती. तशीच घालून त्या घराकडं चालायला लागल्या.